बत्तिसाव्या वर्षी एमबीबीएस: वय आड येत नाही, काय आड येतं ते सांगते

प्रश्न थोडक्यात असा: "माझी बारावी सायन्स 2011 ची, पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत) 300 पैकी 161 गुण. त्या वर्षी सीईटी दिली, नंबर लागला नाही, घरच्यांनी जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) घातलं. आज मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. वय 32, ओबीसी, सहा वर्षांची मुलगी आहे, नवऱ्याचा पाठिंबा आहे. चौदा वर्षांच्या गॅपनंतर एमबीबीएसला अर्ज करता येतो का? गॅपचं कारण विचारतील का? नोकरी सांभाळून अभ्यास होईल का? ड्यूटीवर डॉक्टर यायच्या आधी पेशंटला काय झालंय ते मला बऱ्याचदा कळलेलं असतं, पण माझ्या हातात काही नसतं. ते आता सहन होत नाही."

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. मी चोवीस वर्षं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते आहे आणि त्यातली बरीच वर्षं प्रवेशाच्या वेळी कागदपत्रं तपासायच्या टेबलावर बसले आहे. तिशी ओलांडून पहिल्या वर्षाला आलेले विद्यार्थी मी पाहिलेत, आणि तिशीत तयारी सुरू करून तीन-तीन वर्षं हातची नोकरी घालवलेलेही पाहिलेत. म्हणून नुसता धीर देणारं उत्तर मी देणार नाही.

आधी वयाचं मिटवून टाकू. नीटला, म्हणजे एमबीबीएस प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेला, वरची वयोमर्यादा नाही. पूर्वी खुल्या गटाला 25 आणि राखीव गटांना 30 अशी अट होती. तिच्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आणि अखेर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर 2021 च्या बैठकीत ती काढून टाकली. मार्च 2022 मध्ये तसं पत्र निघालं. किती वेळा परीक्षा द्यायची यावरही बंधन नाही. 2020 मध्ये ओडिशातले 64 वर्षांचे एक निवृत्त बँक कर्मचारी नीट पास होऊन बुर्ल्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले, ती बातमी तुम्हीही वाचली असेल. तिचा आनंद माना, पण तिच्यावर आपला हिशोब बांधू नका. त्यांच्यामागे नोकरी नव्हती आणि सहा वर्षांचं मूल नव्हतं.

गुणांची अट तुम्ही पूर्ण करता. ओबीसीला पीसीबीत 40 टक्के लागतात, म्हणजे 300 पैकी 120. तुमचे 161 म्हणजे खुल्या गटाच्या 50 टक्क्यांच्याही वर. बेरीज फक्त फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीची होते, गणित त्यात येत नाही. इंग्रजीत पास असलात की झालं. (हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचं बारावीला बायोलॉजी नसेल तर नोव्हेंबर 2023 पासून तो विषय नंतर जादा म्हणून देऊन पास झालेलेही पात्र धरले जातात.)

गॅपचं कारण कोणी विचारत नाही. आपल्याकडे एमबीबीएसला मुलाखत नसते. नोटरी केलेलं गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, त्यात कोणत्या वर्षी काय करत होता एवढं सरळ लिहायचं: इतकी वर्षं जीएनएम, या तारखेपासून नोकरी, दुसऱ्या कुठल्या वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला नव्हता. सोबत अनुभवाचा दाखला जोडा. लोक या गॅपची लाज बाळगतात आणि प्रतिज्ञापत्रात "घरगुती अडचणींमुळे" वगैरे लांबलचक लिहून आणतात. टेबलावर बसलेला माणूस ते वाचतही नाही, तो तारखा जुळतात का ते बघतो.

तिथे खरी अडचण येते ती बाकीच्या कागदांची, आणि लग्न झालेल्या मुलींना ती दुप्पट येते. एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. तीस-एकतिसची बाई, निळ्या प्लास्टिकच्या फायलीत सगळं नीट लावून आणलेलं, बरोबर सासरे. दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, जातीचा दाखला माहेरचा, आणि नॉन क्रीमी लेयर नवऱ्याच्या उत्पन्नावर काढलेलं, तेही मुदत संपलेलं. दोन्ही नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करणारा एकही कागद फायलीत नव्हता. गुण होते, जागा लागली होती, आणि त्या फेरीत ती जागा तिला घेता आली नाही. त्या दिवशी घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

म्हणून तुमचे कागद आजच काढायला घ्या, निकालाची वाट बघू नका. नीटचा फॉर्म दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे त्याच नावाने भरायचा, स्पेलिंगसकट. आधार सासरच्या नावाचं असेल तर फॉर्म सुटायच्या आधी ते जुळवून घ्या आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र व राजपत्रातली नावबदलाची नोंद फायलीत ठेवा. जातीचा दाखला आणि जात वैधता वडिलांकडचीच चालते. वैधता आधी कधी काढली असेल तर शोधा. नसेल तर जिल्हा पडताळणी समितीकडे लगेच अर्ज करा, तिथे महिने जातात. नॉन क्रीमी लेयरला विवाहितेच्या बाबतीत आई-वडिलांची स्थिती बघतात, नवऱ्याचं उत्पन्न नाही. सेतूत कोणी उलटं सांगितलं तर प्रांत कार्यालयात जाऊन बोला. त्या दाखल्यावरची 31 मार्चची मुदत वाचा. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा लागतो. राज्याच्या 85 टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी, आणि अधिवास प्रमाणपत्र हवं. आणि मूळ कागद कुठे आहेत ते बघा. नर्सिंग स्कूलच्या कपाटात, नाहीतर नोकरी लागताना दिलेल्या फायलीत अडकलेली दहावी-बारावीची प्रमाणपत्रं मी फार पाहिलीत. हरवली असतील तर विभागीय मंडळाकडून दुसरी प्रत मिळते.

तुमच्या वेळची एक गोष्ट बदलली आहे. तेव्हा मराठवाडा, विदर्भ, उर्वरित महाराष्ट्र असा 70:30 चा कोटा होता, म्हणजे 70 टक्के जागा त्या त्या भागातल्या मुलांना. तो 2020 मध्ये रद्द झाला. आता राज्यभरातल्या मुलांशी एकाच यादीत स्पर्धा आहे. मुलींसाठी 30 टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक गटाच्या जागांमध्येच) मात्र आहे.

आता परीक्षेकडे येते. तुम्ही दिलेली सीईटी डोक्यातून काढून टाका. ती स्टेट बोर्डाच्या पुस्तकांवर होती आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नव्हते. नीट एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, पुस्तकांवर आहे, बरोबर उत्तराला 4, चुकीला उणे 1. 2025 पासून 180 प्रश्न, 180 मिनिटं: फिजिक्स 45, केमिस्ट्री 45, बायोलॉजी 90. एकूण 720. पेपर मराठीतही मिळतो, पण तुमचं नर्सिंग इंग्रजीत झालंय आणि पुढे एमबीबीएसही इंग्रजीतच आहे, म्हणून इंग्रजीतूनच तयारी करा.

पात्र होणं आणि जागा मिळणं यातला फरक नीट समजून घ्या, क्लासच्या जाहिराती तो पुसून टाकतात. 2025 मध्ये खुल्या गटाची पात्रता 144 गुणांवर होती आणि ओबीसीची 113 वर. एवढ्यावर सरकारी एमबीबीएस मिळत नाही. खुल्या आणि ओबीसी गटात त्यासाठी 144 च्या तिपटीहून जास्त गुण लागतात. 200 गुण पडले की "नीट क्वालिफाइड" म्हणून अभिनंदनाचे मेसेज येतात, आणि त्याच आठवड्यात परदेशातल्या कॉलेजांचे एजंट फोन करायला लागतात. तुम्हाला लहान मुलगी आहे. साडेपाच वर्षं परदेशात, वर परतल्यावर इथली वेगळी परीक्षा, हा रस्ता मी तुम्हाला सुचवणार नाही.

बायोलॉजीचं तुम्हाला वाटतं की येतं. अर्धं येतं. मूत्रपिंड, हृदय, हार्मोन हे तुम्ही रोज बघता, ते पटकन बसेल. पण नर्सिंगमुळे एक धोकाही होतो. वॉर्डात जे पाहिलं त्यावरून तुम्ही उत्तर द्याल आणि नीटला पुस्तकातली ओळ हवी असते. शिवाय 2024 पासून अभ्यासक्रम छाटला गेला आणि पचनसंस्थेचा धडाच गेला, म्हणजे तुमच्या हक्काचे काही गुण गेले. आणि बॉटनी तर तुम्ही 2011 नंतर उघडलेलंच नसणार. सी-4 वनस्पतींची क्रान्झ रचना, पुष्पसूत्रं, शैवालांचे वर्ग, हे नव्याने पाठ करावं लागेल. आयसीयूत पाच वर्षं काढलेल्या एका सिस्टरचे पहिल्या सराव परीक्षेत सगळ्यात जास्त गुण बॉटनीत गेले होते. केमिस्ट्रीतूनही सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर असे धडे गेलेत, तेवढा भार कमी. म्हणून मोठ्या बहिणीची, शेजाऱ्यांची जुनी गाइडं वापरू नका. चालू वर्षाचा अभ्यासक्रम छापून घ्या आणि फक्त नवीन आवृत्तीची एनसीईआरटी घ्या.

माणूस अडतो तो फिजिक्सवर. इतक्या वर्षांत बघितलंय, गॅपनंतर आलेल्या दहापैकी आठ जणांची गाडी तिथे थांबते. कारण फिजिक्स विसरलेलं नसतं, त्याच्याखालचं गणित विसरलेलं असतं: त्रिकोणमिती, व्हेक्टर, लॉग, आलेखाचा चढ. आणि लोक सुरुवात करतात अकरावीच्या पहिल्या धड्यापासून, तिसऱ्या आठवड्यात रडकुंडीला येतात, मग फिजिक्स सोडून "बायोलॉजीवर भर देऊ" म्हणतात. 180 गुणांचा विषय सोडून सरकारी जागा मिळत नाही. तुम्ही नववी-दहावीच्या गणितापासून सुरू करा, सहा आठवडे. त्यात कमीपणा नाही.

आणि तुम्ही समजता तितक्या कच्च्या नाही आहात. रोज ड्यूटीवर काय करता? 500 मिलीची बाटली आठ तासांत द्यायची, सेट मिलीला 20 थेंबांचा. 500 गुणिले 20 म्हणजे दहा हजार थेंब, आठ तास म्हणजे 480 मिनिटं, भागाकार एकवीसच्या आसपास. मिनिटाला 21 थेंब, घड्याळ धरून क्लॅम्प फिरवता. मिली मिलीत कटले, तासांची मिनिटं केली, उत्तर थेंब दर मिनिटाला आलं. फिजिक्समध्ये एकक काटून उत्तर तपासणं म्हणतात ते हेच. काही गणितांत नुसती एककं जुळवली तरी चुकीचे पर्याय आपोआप गळतात. हात चालतो आहे, त्याला फक्त भाषा नवीन आहे.

वेळेचा हिशोब कागदावर करा, मनात करू नका. पाळीची ड्यूटी, रात्रपाळीनंतरची झोप, मुलगी, स्वयंपाक, सगळं वजा करून तुमच्या आठवड्यात मोठ्या कष्टाने 25 तास निघतील. 40 आठवड्यांचे झाले 1000 तास. तुमच्या शेजारच्या बाकावर लातूरला रिपीट करणारी पोर असेल, ती दिवसाला दहा तास बसते, 300 दिवसांत 3000 तास. तुमची समज तिच्यापेक्षा पक्की असेल, तरी तिप्पट तासांची बरोबरी नुसत्या समजेने होत नाही. म्हणून एका वर्षात, नोकरी चालू ठेवून, सरकारी एमबीबीएस काढीन असं धरून चालू नका. माझं मत असं की दोन प्रयत्नांचा आराखडा करा. पहिलं वर्ष नोकरीसकट: गणित, फिजिक्सचा पाया, दोन्ही वर्षांचं बायोलॉजी आणि परीक्षा एकदा खरोखरची देणं. दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या आधीचे चार-पाच महिने जी मिळेल ती रजा घेऊन पूर्णवेळ. तिसरा प्रयत्न नाही, हे आजच नवऱ्याशी बोलून ठरवा, कारण दुसऱ्या निकालाच्या रात्री ते ठरवता येत नाही.

आणि पहिल्या तीन महिन्यांनंतर एक चाचणी घ्या. मागच्या एखाद्या वर्षाच्या नीटमधले फिजिक्सचे 45 प्रश्न, तासाभरात, घड्याळ लावून. 180 पैकी 50 च्या आत राहिलात तरी हरकत नाही, पण पहिल्या महिन्यात किती होते त्याच्याशी ताडून बघा. आकडा चढत असेल तर पुढे चला. तीन महिने मनापासून करूनही तिथेच असेल तर मला पुन्हा लिहा, आपण वेगळा विचार करू. सराव पेपर शक्यतो दुपारी 2 ते 5 सोडवा, खरा पेपर त्याच वेळी होत आलाय. सकाळपाळीहून आल्यावर डोळे मिटायला लागतात तीच ही वेळ, तिची सवय लावावी लागते.

आता कॉलेजबद्दल, कारण हे कोणी आधी सांगत नाही. पहिल्या वर्षाला आमच्याकडे रक्ताची प्रॅक्टिकल असतात. प्रत्येकाने स्वतःचं बोट टोचून तांबड्या पेशी मोजायच्या. अठरा वर्षांची पोरं त्या सुईकडे बघून पांढरी पडतात, एखादा खाली बसतो. अशाच एका तुकडीत एक सिस्टर होती, तुमच्याच वयाची. तिने शेजारच्या चार जणांची बोटं धरून, बोलत बोलत, त्यांना कळायच्या आत टोचून दिली. मग सूक्ष्मदर्शकाखाली न्यूबॉवर चेंबरचे (पेशी मोजायच्या काचेचे) 80 बारीक चौकोन मोजून, दहा हजारांनी गुणून, पहिला बरोबर आकडा तिनेच लिहिला. त्या दिवसापासून सगळी तुकडी तिला ताई म्हणायला लागली.

तीच मुलगी पहिल्या अंतर्गत परीक्षेत ॲनाटॉमीत नापास झाली. ब्रॅकियल प्लेक्ससची (हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याची) आकृती तिला आठवेना. माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "मॅडम, वाचलेलं राहत नाही हो, ही पोरं एकदा वाचतात." ते खरं होतं. बत्तिसाव्या वर्षी नुसतं वाचून राहत नाही, काढून राहतं. तिने रोज सकाळी कोऱ्या कागदावर तीच आकृती काढायची असा नेम केला, मुळं, खोडं, फांद्या. वर्षाअखेर सगळ्या विषयांत पास झाली, पहिल्या प्रयत्नात. पहिलं वर्ष वेळेत पास होणं नियमांमुळेही गरजेचं आहे: 2023 च्या नियमांनुसार पहिलं वर्ष पास व्हायला चारच प्रयत्न आहेत आणि सगळा कोर्स नऊ वर्षांत संपवावा लागतो. थिअरीला 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते. म्हणजे कॉलेजात असताना नोकरी, रात्रपाळीचीसुद्धा, विसरा.

वर्षं मोजून बघा. पुढच्या वर्षी लागलं तरी साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, तुम्ही अडतीस-एकोणचाळीसच्या व्हाल. सरकारी कॉलेजात शिकलात की एक वर्षाची ग्रामीण सेवा, न केल्यास 10 लाखांचा दंड. तुम्ही ती आनंदाने कराल, तुमची नोकरी तिथेच आहे. चाळीस. राज्य सेवेत सर्वसाधारण वयोमर्यादा मागासवर्गीयांना 43 आहे, तेव्हा कायम नोकरीसाठी हाती थोडी वर्षं उरतात. पीजी करायचं म्हटलं तर तीन वर्षं आणखी. मला यात निराश व्हावं असं काही दिसत नाही. साठीपर्यंत वीस वर्षं डॉक्टर म्हणून मिळतात. पण सर्जन व्हायचं स्वप्न असेल तर ते मनात वेगळं ठेवा, आणि गावातली चांगली एमबीबीएस डॉक्टर व्हायचं असेल तर हिशोब पक्का जुळतो.

पैशाचं: जुलै 2024 च्या शासन निर्णयाने 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अभिमत विद्यापीठांना ते लागू नाही. वसतिगृह, मेस, पुस्तकं आपलीच. मोठा खर्च फीचा नाही, तुमचा पगार साडेपाच वर्षं बंद होण्याचा आहे. तो आकडा नवऱ्यासमोर बसून लिहा. त्याचा पाठिंबा आकडा बघितल्यानंतरही तसाच राहिला तर तो खरा.

एमबीबीएस नाही लागलं तर त्याच गुणांवर बीएएमएस, फिजिओथेरपी आहे. पण ते "काहीतरी मिळालं" म्हणून घेऊ नका. तुमच्या मनातली खंत ही आहे की पेशंटला काय झालंय ते कळतं आणि हातात काही नसतं. त्याला आणखी एक उत्तर आहे: पोस्ट बेसिक बीएससी (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी) दोन वर्षांत होतं, आणि जीएनएम झालेल्यांना सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा कोर्स करून समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं, उपकेंद्रावर पेशंट तुमच्याकडेच येतो. एकदा त्या कामावरच्या एखाद्या सिस्टरबरोबर दिवसभर बसून या. तिथे बसून मन भरलं तर उत्तर मिळालं, नाही भरलं तरी मिळालं.

शेवटी नोकरीचं. परीक्षेला बसण्याआधी आस्थापनेकडे लेखी ना हरकत प्रमाणपत्र मागा आणि अर्जाची पोच घेऊन ठेवा. कोणती रजा मिळेल, अभ्यासासाठी धारणाधिकार (मूळ पदावर परतायचा हक्क) ठेवता येईल का, हे तोंडी विचारू नका, लेखी विचारा. आणि जागा लागून, कागद तपासून, फी भरल्याची पावती हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी.